मास्तरांची अकरा मिनिटं

९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुमचं पत्र पोचून बारा दिवस झाले. मी बरा आहे. पार्सलच्या गोदामात पत्ते लावतो. कॉलेज सोडलं ते सोडलंच. तुमचा खांदा कसा आहे? शिलाई मशीनवर फार वेळ बसू नका.

एवढं लिहून तीन कागद फाडले. आता फाडणार नाही.

कॉलेजातले आमचे सर बाबांच्या भाषेवर काढताहेत त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर तुम्हाला त्याच भाषेत 'बाबा, मी दुकान उघडलं' असं छापायचंय. गेलेल्या माणसाशी बोलताना क्रियापदाला जो शेवट लागतो, तो तुम्ही सरांच्या यादीतून शोधलात. रोज शटर वर करताना तसं म्हणता, आणि नीट जमतंय का, असं मला विचारता.

ताई, असा शेवट त्या भाषेत नाही. तो मी बनवला.

तुम्ही तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीला होतात. मी मंगळवारी आणि शुक्रवारी तीनला बाबांच्या दुकानात जायचो. सरांनी दिलेली वाक्यं विचारायची, बाबा, म्हणजे माझे मास्तर, प्रत्येक वाक्य तीनदा म्हणणार, मी टेप करून कार्डावर उतरवणार. ती भाषा येणारे ते एकटेच उरले होते, आणि तेही कापड बेतता बेतता बोलायचे. श्वास आत ओढून म्हणायचा 'स' त्यांनी मला ओठांत टाचण्या धरायला लावून शिकवला. स्वतः पाहिलेलं सांगताना क्रियापदाचा शेवट एक, ऐकीव सांगताना दुसरा. मी चुकलो की विचारायचे, "तू होतास का तिथे?" मला 'कच्ची शिलाई' म्हणायचे. उसवायला सोपी, म्हणून.

कार्डं जायची तिच्याकडे. ती माझ्या वर्गातली, सरांच्या हाताखाली व्याकरण लिहिणारी. काही नवीन सापडलं की कार्ड हातात धरून हसायची आणि माझा आठवडा त्या हसण्यावर निघायचा. हे एकदा मास्तरांना सांगून बसलो. त्यांनी कात्री थांबवली नाही की मान वर केली नाही. म्हणाले, "ती कार्डाकडे बघून हसते रे."

माझं डोकं फिरलं. नको ते बोललो. तुमची भाषा तुमच्या पोरीलासुद्धा नको होती, असंही बोललो. मास्तर एकदम त्यांच्या भाषेत सुरू झाले. ते थांबेनात, तेव्हा ते बोलत असतानाच मी चालू रेकॉर्डर उचलला आणि निघालो. परत गेलो नाही.

पुढचे पाच आठवडे समोरच्या इमारतीच्या जिन्यात बसून मनानंच कार्डं भरली. रेकॉर्डर बिघडलाय, असं सरांना सांगितलं. खिडकीतून दुकान दिसायचं. मास्तर तीन वाजता माझं स्टूल पुसून ठेवायचे, पाचला आत न्यायचे. हे ऐकीव नाही, मी पाहिलंय.

गेलेल्यांशी बोलायचा तो शेवट तिसऱ्या आठवड्यात सुचला. ते कार्ड वाचून तिनं माझा हात धरला. सहाव्या आठवड्यात मास्तर गेले, आणि खरं काय ते सांगणारं कोणी उरलं नाही. तिला सांगण्यापेक्षा कॉलेज सोडणं सोपं वाटलं.

आज तिला आणि सरांना वेगळं पत्र टाकलंय, खोट्या छत्तीस कार्डांचे नंबर लिहून. पुस्तक थांबेल. तिनं त्या शेवटावर लिहिलेलं अख्खं प्रकरण जाईल. ती पुन्हा माझं तोंड पाहणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पण तिच्यासमोर एकवेळ उभा राहीन. तुम्ही रोज सकाळी जे म्हणता, त्यात बाबांचं काहीच नाही, हे तुम्हाला लिहिताना हात उचलत नाही.

सोबत त्या दिवसाची टेप पाठवतो. लाजेनं दडवून ठेवली होती. सुरुवातीला मी काय काय बोललो ते आहे. ते ऐकावं लागेल, माफ करा. पुढे अकरा मिनिटं मास्तर मला रागावताहेत. सरांकडे आहेत ती सगळी सुटी वाक्यं. त्या भाषेत सलग बोललेलं जगात एवढंच आहे.

मला त्यातलं निम्मंच कळतं. तुमचं नाव चार वेळा येतं, पण तिथे ते काय म्हणतात, ते कितीदा ऐकूनही लागलं नाही. आता कुणालाच लागणार नाही. शेवटचं वाक्य मात्र स्पष्ट आहे. मी दाराशी पोचल्यावरचं.

'मंगळवारी ये.'

तुम्ही काय म्हणाल ते ऐकून घ्यायला तयार असलेला,
तुमच्या बाबांची कच्ची शिलाई