तोल नसलेला मोर

सोलापूर, मंगळवार, नोव्हेंबर १९७४

आज मी खोटं बोलले. मुद्दाम.

लग्नापासून वर्षभर हट्ट धरला, तेव्हा कुठं मामंजींनी आज मला कारखान्यात नेलं. चादरींची नक्षी नरसय्या काढतात, वीस वर्षं. त्यांच्या टेबलावरचा नव्या मोराचा कागद पुढं ठेवून मामंजी म्हणाले, "तू चित्रकला शिकलीस ना? सांग, कसा आहे?"

मोर एका कोपऱ्यात, बाकी सगळी चादर लाल, मोकळी. त्या मोकळ्या जागेमुळंच तो जिवंत वाटत होता. मला हेवा वाटला. चांगला म्हटलं असतं, तर माझी गरज काय उरली असती?

"तोल नाही," मी म्हणाले. "सगळा भार एकीकडं. हे तर पहिल्या वर्षालाच शिकवतात."

नरसय्या चिडले नाहीत. "मग मोर कुटं ठेवू, सांगा की बाई. आमाला कुणी शिकवलंच न्हाई."

"या वयात जमायचं नाही आता." हे कशाला बोलले मी? कामगार हसले. मामंजींनी कागद फाडला, मोर मानेतून फाटला. "उद्यापासून नक्षी सूनबाई काढेल. तू नुसते चौकोन भर."

संध्याकाळपासून चार मोर काढले. सगळे मधोमध, सगळे मेलेले. त्यातला एक मामंजींना आवडेलही. पण विणायला तो चौकोनी कागदावर, एकेक चौकोन भरून, उतरवावा लागतो, आणि ते मला येत नाही. निघताना नरसय्यांना बजावलं होतं, सकाळी आठला या.

"व्हय बाई," ते म्हणाले, "टेबल पुसून ठेवतो तुमचं."