खोली बंद ठेवण्याबाबत

तीर्थस्वरूप मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? (मागच्या पत्रात तुम्ही नुसतं "ठीक" लिहिलं होतं. ते गुडघ्यांबद्दल होतं की एकूणच, यावर घरात अजून एकमत नाही.) इकडे सगळे बरे आहेत. तुमचे जावई सकाळी अर्धा तास चालतात आणि उरलेला दिवस त्याबद्दल बोलतात. पत्राला उशीर झाला, कारण गेला महिनाभर मी शेजाऱ्यांना एकटं पाडण्याच्या कामात होते. नीट सांगते, लगेच आईला फोन करू नका.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बंद पडलेली लाँड्री आहे, तिथे मी "दुपारची खोली" चालवते. गल्लीत एकेकटी राहणारी म्हातारी माणसं दुपारी येतात, चहा पितात, पत्ते खेळतात आणि पंख्याच्या वेगावरून भांडतात. खर्च एक संस्था करते. त्या संस्थेने कळवलं की खोली छान आहे, पण परिणाम काय झाला ते दाखवा, नाहीतर महिनाअखेर कुलूप लावा. मामा, खोली गेली तर निवृत्त नर्सबाईंनी दुपारभर रक्तदाब कोणाचा तपासायचा? (त्या आल्यागेल्याचा तपासतात. मीटर वाचायला आलेल्या माणसाचाही तपासला आणि त्याला मीठ कमी करायला लावलं.)

परिणाम तपासायला संस्थेने एक बाई पाठवल्या. गल्लीने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव मोजणीबाई ठेवलं. बाई सज्जन, आवाज मऊ, पण प्रश्न नेमका विचारला. खोली सुरू होण्याआधी ही माणसं किती एकटी होती, याची पाहणी कुठे आहे? खुर्च्या आणल्या होत्या, पडदे शिवून घेतले होते, किटलीच्या रंगावर दोन बैठका झाल्या होत्या, पण आधी एकटेपणा मोजून घ्यावा हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. "आधी" नसेल तर "नंतर" कशाशी ताडून बघणार? घोडं तिथेच अडलं.

तोडगा काढला आमच्या खोलीच्या अध्यक्षांनी. (एकेकाळचे औषध दुकानदार. कोणतीही गोष्ट जेवणाआधी की जेवणानंतर, हे त्यांना विचारल्याशिवाय राहवत नाही.) ते म्हणाले, आधीचं राहून गेलं असेल तर आता करून टाकू. खोली काही दिवस बंद ठेवायची, सगळ्यांनी पूर्वीसारखं एकटं व्हायचं, मोजणीबाईंनी मोजायचं, मग खोली उघडून परत मोजायचं. मोजणीबाई जरा घुटमळल्या, पण पद्धतशीर वाटल्यावर त्यांचाही विरोध मावळला.

एकटं होण्याच्या नियोजनाची सभा इतकी रंगली की चहा दोनदा टाकावा लागला. कोण कोणाशी बोलत नव्हतं याची उजळणी झाली. शिंपीकाका आणि कुलूपवाले यांच्यात पूर्वी वैर होतं, पण कशावरून ते दोघांनाही आठवेना. दोघे एका बाकावर बसून, खांद्याला खांदा लावून, नवं कारण शोधू लागले. शिंपीकाकांनी सुचवलेलं कारण कुलूपवाल्यांना क्षुल्लक वाटलं, त्यावरून खरंच जुंपली, आणि अध्यक्षांनी समाधानाने मान डोलावली.

मग ते दिवस सुरू झाले. मामा, माझ्या नाकी नऊ आले. नर्सबाई मागच्या दाराने घरोघरी फिरून कोण नीट एकटं आहे आणि कोण कुचराई करतंय ते बघू लागल्या. जाताना रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून काहीतरी झाकून न्यायच्या. ज्यांच्याकडे गेल्या ते वाटी परत द्यायला निघायचे. तिसऱ्या घरातल्या दवंडीबाईंना (नाव पडलंय ते उगीच नाही) गप्प राहणं जमेना, म्हणून दोघे जण पाळीपाळीने त्यांच्याशी गप्पा मारायला बसले. शिंपीकाकांनी अबोला पाळला, पण कुलूपवाल्यांच्या शर्टाचं बटण लोंबताना दिसलं तेव्हा त्यांना राहवेना. रागाने शर्ट ओढून घेतला आणि रागाने बटण लावून दिलं.

मोजणीबाईंनी पाहणी केली. अडचणीत कोणाला हाक माराल, या प्रश्नावर सगळ्यांनी "कोणालाच नाही" हे पाठ केलेलं उत्तर दिलं. दवंडीबाई मध्येच अडखळल्या तेव्हा भिंतीपलीकडून तिघांनी त्यांना आठवण करून दिली.

अहवाल आला. मोजणीबाईंनी उत्तरांबरोबर घरोघरची ये-जाही टिपून घेतली होती. खोली उघडी असताना ही माणसं फक्त दुपारी भेटत. बंद असताना सकाळ, दुपार, संध्याकाळ भेटतात. सबब खोली बंद ठेवणं अधिक परिणामकारक. मी कपाळावर हात मारला, पण संस्था खूश झाली. पैसे वाढवून मिळाले. आता खोली न उघडण्याची जबाबदारी माझ्यावर आहे, आणि ती खरंच बंद आहे ना हे बघायला सगळी गल्ली रोज दुपारी दारासमोर खुर्च्या टाकून बसते. चहा माझ्या घरून जातो.

तब्येतीला जपा. जावयांचाही नमस्कार.

तुमची भाची

ता. क. : पत्राचं खरं कारण राहिलंच. मोजणीबाईंना तुलनेसाठी एक माणूस हवा आहे, जो उघड्या किंवा बंद, कुठल्याच खोलीच्या वाऱ्याला उभा राहिलेला नाही. मी तुमचं नाव दिलं. रागावू नका.

आणखी एक : तुमच्या वतीने उत्तरं मीच लिहायला बसले. आठवड्यात कोणाशी बोलणं झालं, असा पहिलाच प्रश्न होता. मामी गेल्यापासून मला याचं उत्तर माहीत नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. फार वाईट वाटलं. कागद तसाच ठेवून दिला. तुम्ही इकडेच या, राहायला.

शेवटचं : मोजणीबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मामा इथे आले तर तुलनेला माणूसच उरणार नाही, आणि गल्ली सुखात आहे हे कधीच सिद्ध करता येणार नाही. नाही झालं सिद्ध तरी चालेल. या.