तो शिपाई घरी पोचला का

अण्णा, तुमच्या बोटांचा आवाज मला अजून ऐकू येतो. वर्गात कविता सुरू करायच्या आधी तुम्ही टेबलावर तिचं वृत्त वाजवायचात. लघु असला की डाव्या हाताचं एक बोट, अगदी हलकं. गुरू आला की उजव्या हाताची ती दोन न वाकणारी बोटं, टक्. लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज. ल गा गा, ल गा गा, आणि अख्खा वर्ग डुलायला लागायचा. मला तर भर उन्हाळ्यात खिडकीबाहेर हिरवी कुरणं दिसायला लागत, गोदावरीला दुथडी पाणी येई. मागच्या बाकावरची पोरं कुजबुजायची, "सरांची बोटं गोव्यात राहिली." तुम्ही तरुणपणी गोव्याच्या सत्याग्रहाला गेला होतात आणि हद्दीवर पोर्तुगीज शिपायानं बंदुकीच्या दस्त्यानं तुमचा हात ठेचला, हे साऱ्या शाळेला ठाऊक होतं. तुम्ही मात्र त्याबद्दल कधी बोलला नाहीत, आणि मी घरी तुमचा मुलगा, वर्गात विद्यार्थी. दोन्हीकडे माझा विचारायचा धीर झाला नाही.

आणि मी नोकरी धरली ती कुठं, तर दिल्लीत पोर्तुगीजांच्या वकिलातीत. त्यांच्याच लोकांनी आपली जुनी हुकूमशाही उलथून टाकली होती, भारताशी पुन्हा बोलणं सुरू झालं होतं, बंद वकिलात नव्यानं उघडली होती. मी टायपिस्ट म्हणून शिरलो, संध्याकाळी त्यांची भाषा शिकलो आणि दुभाष्या झालो. मला वाटलं होतं तुम्ही रागवाल. तुम्ही एवढंच म्हणालात, "भाषा शिकतोयस ना, मग त्यांच्या कविताही वाच." मी वाचल्या. तुमच्या बोटांविषयी मात्र तिथं कुणाला अवाक्षर सांगितलं नाही.

मग तो आला. माझ्याच वयाचा, नुकताच नेमलेला सचिव, कारकिर्दीतलं पहिलंच परदेशी ठाणं. नाशिकला निघालो तेव्हा म्हणाला, त्र्यंबकेश्वर नंतर पाहू, आधी तुझं घर दाखव. आमच्या कामाची एक रीत होती. साहेब कुणाच्या घरात शिरण्याआधी दुभाष्यानं त्याच्या कानावर घालायचं, कोणता विषय काढायचा, कोणता टाळायचा. नाशिक रोड स्टेशनवरून येताना टॅक्सीत मी ती रीत तुमच्यासाठी पाळली. म्हणालो, "वडिलांचा हात उसाच्या चरकात सापडला होता. विचारू नका."

तो दिवस मी किती वेळा मनात मांडलाय. शाळेमागच्या आपल्या दोन खोल्या, सतरंजीवर मांडी घालून बसलेला तो लांब पायांचा माणूस, पुढ्यात चिवड्याची बशी. त्यानं तळलेली मिरची कौतुकानं उचलली, अख्खी तोंडात घातली आणि त्याला ठसका लागला. आई आतून धावली, "अहो, पाणी द्या त्याला, लाल झालाय बिचारा." तुम्ही मिश्कील हसलात. "होऊ दे. नाशिकला आल्याचं कळू दे पाहुण्याला." तो डोळे पुसतोय, आई पदरानं वारा घालतेय, आणि तुम्ही अचानक सरळ बसता. वर्गात कविता हाती घेताना बसायचात तसे.

"त्याला विचार," तुम्ही म्हणता. "मला मारणारा शिपाई अगदीच पोरगा होता. मिसरूडही फुटलं नव्हतं. मागून त्याचा साहेब ओरडत होता, आणि हा मारता मारता स्वतःच रडत होता. पुढं लढाई झाली, ते सगळे पकडले गेले. तो घरी पोचला का, कुठं चौकशी करता येईल का, एवढं विचार."

मी पोर्तुगीजमध्ये म्हणालो, "वडील विचारताहेत, आमचं तिखट सोसलं का?"

तो मोठ्यानं हसला. पोटावर हात फिरवून दाखवला. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे.

"काय विचारलंस?"

"तुम्ही म्हणालात तेच."

"त्यावर माणूस हसत नाही रे."

एवढंच बोलून तुम्ही डाव्या हातानं चहाचा कप उचललात. त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत हा विषय आपल्यात निघाला नाही. मी दिल्लीहून यायचो, तुम्ही तब्येत विचारायचात, पेपरातली एखादी कविता काढून ठेवलेली असायची. तुम्ही मला त्यावरून रागावून बोलला असतात तर बरं झालं असतं.

तो पुढं चढत गेला. आफ्रिका, ब्राझील, जिनिव्हा, शेवटी राजदूत. आफ्रिकेतल्या एका देशात यादवी संपल्यावर तिथं हरवलेल्या पोर्तुगीज माणसांचा माग काढून त्यांना घरी पाठवायचं काम त्यानं काही वर्षं केलं. अजूनही तो सर्वांत अभिमानानं सांगतो ते त्याविषयीच. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फोन कानाला तसाच धरून बसलो होतो, अण्णा. तुम्ही नेमक्या माणसाला विचारलं होतंत.

आता माझ्यासारखाच तोही निवृत्त, म्हातारा. मित्रांबरोबर भारत बघायला आलाय, गंगापूर धरणाकडच्या एका द्राक्षमळ्यातल्या हॉटेलात उतरलाय. परवा फोनवर म्हणाला, "आयुष्यभर लोक माझ्याकडे काहीतरी मागायलाच आले. व्हिसा, शिफारस, सवलत. तुझ्या वडिलांनी फक्त माझ्या पोटाची काळजी केली. निरोप समारंभातसुद्धा मी ही गोष्ट सांगितली." मी "हो, हो" म्हणालो. आज संध्याकाळी तो इथं, नाशिकच्या घरी येणार होता. सकाळी मी मेसेज पाठवला की बहिणीच्या गावी, देवळ्याला, अचानक जावं लागतंय, भेट होणार नाही.

बायकोनं तो वाचला. तिला सगळं ठाऊक आहे. दुपारी स्वयंपाकघरातूनच विचारलं, "चहा टाकतेय. तुम्ही देवळ्याला पिणार की इथं?"

"टोमणे नकोत."

"टोमणा कसला? घरात नसलेल्या माणसाला साखर किती घालायची ते विचारतेय."

मी खोलीचं दार लोटून हे लिहायला बसलो. तुमच्या पत्त्यावर टपाल जात नाही, म्हणूनच हात चालतोय. इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो की नोकरी अजून पक्की झाली नव्हती, म्हणून घाबरलो. ते पुरतं खरं नाही. त्यानं मला काढलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मला तुमची लाज वाटली, अण्णा. रंगीत चित्रासारखे कवितेतले वडील त्याला दाखवायचे होते मला, आणि तुम्ही फाटक्या सतरंजीवर बसून, ज्यानं हात मोडला त्याचीच काळजी करत होतात. ते मला फार गरीब वाटलं. माझ्या वाचनातल्या कुठल्याही ओळीपेक्षा ते मोठं होतं, हे कळायला मला…

बेल वाजली. बायकोनं दार उघडलंय. दिल्लीत शिकलेलं ते मोडकं हिंदी मी कुठंही ओळखीन. "भाभीजी, नमस्ते. मालूम है, वो घर में नहीं. पिताजी की तस्वीर के सामने पाँच मिनट बैठेगा, फिर जाएगा." खुर्ची सरकल्याचा आवाज येतोय. बायको म्हणतेय, "बैठिए ना." मग तिची पावलं माझ्या दाराशी येऊन थांबतात.

"अहो, बाहेर या. देवळा काही इतकं लांब नाही."