न पडलेला दगड

११ मार्च, मंगळ.
सुनंदाला जाऊन सव्वा महिना. चौथीच्या वह्या तपासायच्या राहिल्याच.
मामाजी, माझे सासरे, अजून इथेच आहेत. लेकीचं घर सोडवत नाही म्हणतात. दिवेलागणीला दोघं अंगणात होतो. आभाळात एक उजेड या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा गेला. आवाज नाही. मामाजी म्हणाले, तलावापल्याड पडला.

१२ मार्च, बुध.
मोबाईलवर वाचलं. उल्केचा असा दगड कधी तिरपा येतो, वरच्या हवेला घासतो, परत बाहेर निघून जातो. मामाजींना सांगणार होतो. पण सकाळी तलावापल्याड धूर दिसला आणि ते काठी घेऊन निघाले. तिकडे पिल्लांची वाघीण आहे. हात धरून बसवलं.
का जायचंय ते ठाऊक आहे. शेजारच्या गावात मागे आभाळातून लोखंडी गोळा पडला. बघायला साहेब आले, त्यांच्या गाड्यांसाठी रस्ता झाला. आमच्याकडे अ‍ॅम्ब्युलन्स फाट्यावरच थांबली होती. खाटेवर नेताना नाल्यापाशी सुनंदा...
"दगड भेटला तं साहेब येतीन, बापू. रस्ता होईन."

१३ मार्च, गुरु.
धूर मोहाच्या झाडांखालचा. शेजारची कलाबाई चार बायांसोबत गेली आणि सुनंदा वेचायची त्या झाडाखालचाही पाला जाळून आली. आता फुलं वेचायला जागा साफ. "तिचं झाड तसंच कसं ठेवू, मास्तर?"
मामाजींना सगळं सांगितलं. काही पडलं नाही, घासून परत गेला.
"इतका जवळ येऊन?"
जेवले नाहीत.

१५ मार्च, शनि.
शाळेतून आलो तर टेबलावर काळा दगड, राख लागलेला. बायांच्या मागोमाग मामाजी जाऊन आले. सुनंदाच्या झाडाखालून उचलला. मी रागावलो. आवाज चढला, नको होता चढायला.
"मले मालूम हाय हा तो नाई. साहेबाले कुठी मालूम हाय? अर्ज तुमी लिहा. तुमचं अक्षर चांगलं हाय."

१७ मार्च, सोम.
रजा टाकली. दोन कागद फाडले. पोरांना रोज सांगतो, खोटं लिहू नका. तिसऱ्यावर तारीख घातली. विषय: आकाशातून
इथे थांबलोय. मामाजी धुतलेला सदरा घालून समोर बसलेत, दगड फडक्यात बांधून मांडीवर. तालुक्याची गाडी फाट्यावर साडेदहाला येते. फाट्यापर्यंत त्यांच्या चालीनं सव्वा तास.
सव्वानऊ झाले.