अण्णांचं सोंग

इंदिरानगर, नाशिक
९ जानेवारी २०२५

चि. दिपूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. पत्ता तुझ्या मित्राकडून, अमोलकडून, उकळलाय. त्याच्यावर चिडू नकोस. इकडे सगळं ठीक. थंडी यंदा चांगलीच पडलीय. द्वारका चौकात गाड्यांची तीच बोंब; काल रिक्षात बसल्या बसल्या मी पिशवीतले सगळे मटार सोलून घेतले. वेदिकाचा मुलगा शाळेत जायला लागला आणि मावशीला उलट बोलायलाही शिकला. आई बरी आहे.

तू इंदूरला लग्नांत माइक धरून लोकांना हसवतोस असं अमोल सांगत होता. बरं वाटलं, आणि खरं सांगू, रागही आला. परक्यांच्या लग्नात एवढी बडबड आणि घरच्यांशी मुकाट!

पुढच्या महिन्यात अण्णांचं वर्षश्राद्ध आहे. ये. एवढंच लिहिणार होते, पण एवढ्याने तू हलणार नाहीस. अमरधामात तू लांब झाडाखाली उभा होतास, मी पाहिलं होतं. अग्नी दिल्यावर वळले तर तू गायब.

आई बरी आहे असं वर लिहिलंय. तब्येतीने आहेच. पण परवा दूध उतू गेलं. तुला आठवतं ना, दूध वर आलं की अण्णा हॉलमधून, पेपरातून डोकं न काढता ओरडायचे, "लता, रोम जळतंय!" उभ्या संसारात आईने दुधाकडे स्वतः म्हणून कधी लक्ष दिलं नाही. परवा ती गॅससमोरच उभी होती. मी धावत जाऊन गॅस बंद केला तर म्हणाली, "तुमना अण्णासना आवाज माले याद येत नही, सायली."

रडली नाही. ओटा पुसत राहिली. मीच बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

अण्णांचे फोटो ढीगभर आहेत, आवाज मात्र कुठेच नाही. साधा फोन वापरायचे, कुणी व्हिडिओ काढायला लागलं की हात आडवा धरायचे. आवाज आहे तो फक्त वेदिकाच्या लग्नाच्या व्हिडिओत, आणि तो तुझा आहे.

खांद्यावर उपरणं टाकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून तू भर पंगतीत नामपूरच्या शाळेतला अण्णांचा इतिहासाचा तास सुरू केलास. "मुलांनो, दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये चौकाचौकात हौदाला अखंड पाणी! आणि आपल्याकडे? मंगळवारी!" ते रोमन आडवे पडून कसे जेवायचे, तेही सतरंजीवर लवंडून करून दाखवलंस. व्याही हसून हसून बेजार झाले. अण्णा ताटावरून उठले. "या घरात मास्तर एकच पुरे," म्हणाले, आणि तू तिथूनच बॅग उचललीस.

आता नीट ऐक. तो व्हिडिओ आईला दाखवावा म्हणून मी पेनड्राइव्ह शोधत होते. आई म्हणाली, "टीव्हीलेच शे." खरंच टीव्हीलाच लावलेला होता. मी बँकेत गेले की अण्णा दुपारी तोच लावून बसायचे म्हणे! आणि तुझ्याशी भांडायचे. "हे चूक. 'मंगळवारी' म्हणायच्या आधी मी थांबतो." मग स्वतः म्हणून दाखवायचे, पुन्हा तुझं लावायचे. सतरंजीवर लवंडायची जागा आली की म्हणायचे, "हे मात्र बरोबर पकडलंय गधड्याने." मी घरी आले की टीव्हीवर बातम्या.

"मग त्याला एक फोन का नाही केला?" मी विचारलं.

आई म्हणाली, "मास्तर व्हतात ना."

दिपू, तुम्ही दोघंही एका मातीचे.

तुला त्यांचा तो तास आठवत असेल. रोममध्ये मोठा माणूस गेला की अंत्ययात्रेत एक नट हुबेहूब त्याच्यासारखा चालत, बोलत जायचा. खोडीसुद्धा सोडायचा नाही. एका बादशहाचा कंजूषपणा त्याच्याच अंत्ययात्रेत करून दाखवला होता. घराण्यातल्या जुन्या माणसांचे मेणाचे मुखवटे घालून माणसं सोबत चालायची. मग अण्णा आपल्याकडच्या बोहाड्याच्या उत्सवातल्या मुखवट्यांच्या सोंगांवर यायचे आणि म्हणायचे, "आपण देवाचं सोंग घेतो, ते बापाचं घेत." तेव्हा पहिल्या बाकावर तूच बसलेला असायचास.

तू येऊन अण्णांचा आवाज काढावास, हे मी बहिरूकाकांच्या कानावर घातलं. ते उखडले, "गेल्या माणसाची नक्कल करत्यात का कुठं? लोकं काय म्हनतील?" आई आतून म्हणाली, "करू द्या. माले आयकानं शे." सख्खे धाकटे दीर, पण लगेच श्राद्धाच्या सामानाची यादी करायला बसले.

व्हिडिओ तिने एकदाच पाहिला आणि बंद करायला लावला. तो वर्गातला आवाज आहे, तिला तिची हाक हवी आहे. मी मारून पाहिली. आई माझ्याकडे अशी बघत राहिली की पुन्हा धीर झाला नाही. ती हाक तुलाच येते.

तेव्हा श्राद्धाच्या आधी एखाद्या सकाळी ये. बेल वाजवू नकोस, दार लोटलेलंच असेल. मी दूध गॅसवर ठेवून बाजूला होईन. उतू गेलं तर जाऊ दे. तुझी हाक आल्याशिवाय मी गॅसला हात लावणार नाही.

दाराकडे कान लावून बसलेली,
तुझी ताई
सायली

ता. क. 'मंगळवारी' म्हणायच्या आधी थांब. अण्णांची तेवढीच तक्रार होती.