शनिवारचा खडू

बाई, गेल्या रविवारी तुमच्या पुतण्याची मुलगी आली होती. तुम्ही गेलात तेव्हा तिचा जन्मही झालेला नव्हता. इस्राएलहून मुंबईला कुणाच्या तरी लग्नाला आली होती आणि वडिलांनी निघताना बजावलं होतं म्हणे, की भुसावळला जाऊन आत्याच्या कबरीवर आपल्या रीतीनं एक दगड ठेवून ये. तुमच्या शाळेत फोन करून करून तिनं माझा नंबर मिळवला. मी धुळ्याहून पहिली एसटी धरली, जळगावला बदलली आणि भुसावळ स्टेशनवर तिला उतरवून घ्यायला जाऊन उभी राहिले. जीनची पँट, पाठीला पिशवी, केस कापलेले, आणि तोंडात मात्र तिच्या आजीनं शिकवलेली जुनी, सावकाश मराठी. "मावशी, आपण चालत जाऊ या का?" म्हणाली आणि डावी भुवई वर केली, अगदी तुमच्यासारखी. तिथं तिला काय दिसणार हे मला माहीत होतं. बाई, तुमच्या डोक्याशी क्रूस आहे. त्याच्या खाली एक ओळही आहे. हे तुम्हाला सांगायला मला सव्वीस वर्षं लागली.

आमच्या वर्गात कुणालाच माहीत नव्हतं तुम्ही नेमक्या कोण ते. नावावरून कुणी पारशी म्हणायचं, कुणी आमच्यातल्याच, म्हणजे ख्रिस्ती. तुमचे वडील रेल्वेत गार्ड, मूळचे कोकणातले, आणि तुमच्या आज्यापणज्यांना तिकडे शनिवार तेली म्हणत, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे ज्यू, हे तुम्ही मला फार पुढे सांगितलंत. आम्हा पोरींना एवढंच कळत होतं की शनिवारी सकाळच्या शाळेत बाई खडूला हात लावत नाहीत. तुमच्यात शनिवारी काम बंद, आणि लिहिणं हेही काम. शाळा तर बुडवता येत नव्हती. म्हणून हेडमास्तरांना सांगून तुम्ही तोंडी शिकवायच्या आणि फळ्यावर लिहायला मला उठवायच्या, कारण माझं अक्षर बरं होतं आणि मी रविवार पाळणाऱ्या घरातली, माझं शनिवारशी काही भांडण नव्हतं. मला काय तोरा चढायचा! तुम्ही खिडकीशी उभ्या राहून सांगायच्या आणि मी लिहायची. मुली वहीत उतरवून घेताना 'बाईंनी लिहिलं' असंच म्हणायच्या, आणि ते मला फार आवडायचं.

सातवीत असताना, नाताळच्या आधीचा शनिवार. सुविचार म्हणून तुम्ही वाचनाबद्दल काहीतरी सांगितलंत आणि हजेरी घ्यायला वळलात. म्हणजे नावं पुकारायला, खुणा दुसरी मुलगी करायची. मी संडे स्कूलच्या नाटकातली ओळ मोठ्या अक्षरात लिहून मोकळी झाले, 'मशीहा आला आहे, दार उघडा.' वर्गानं ती एकसुरात वाचली. तुम्ही वळून पाहिलंत. माझ्या आईनं तर तिथंच माझा कान पिळला असता. पुसणं हेही काम, म्हणून तुम्ही ते पुसलं नाहीत, आणि मला पुसायलाही सांगितलं नाहीत. ती ओळ शाळा सुटेपर्यंत तुमच्या डोक्यामागे तशीच राहिली आणि तुम्ही तिच्यापुढे उभं राहून लघुत्तम साधारण विभाज्य शिकवलात. सुटल्यावर मला थांबवलंत. "माझ्यासाठी लिहितेस तेव्हा मी सांगेन तेच लिहायचं," म्हणालात. "तुझं स्वतःचं लिहायचं असेल तर जरूर लिही, पण खाली तुझं नाव घाल. मी वाचीन." आवाज चढलेला नव्हता. मी घरी जाऊन रडले, आणि आईनं कारण विचारलं तेव्हा पोटात दुखतंय म्हणून सांगितलं.

त्यानंतरच खरं तुमचं आमचं जमलं. माझी आई रेल्वेच्या दवाखान्यात नर्स, तुम्ही दोन चाळी सोडून एकट्या राहणाऱ्या. संध्याकाळी ती तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर टेकायची आणि तुम्ही दोघी चहा घेत वाद घालायच्या. वाद एकच. आई म्हणायची, मशीहा येऊन गेला, तुम्ही ओळखलं नाहीत. तुम्ही म्हणायच्या, यायचाय. तुम्ही गार्डाची मुलगी. "गाडी येऊन गेली म्हणता," तुम्ही एकदा म्हणालात, "मग फलाटावर ही एवढी माणसं अजून का उभी आहेत? तुमच्या वॉर्डात जाऊन बघा एकदा." आई दिवसभर त्याच वॉर्डात राबून आलेली. तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "दुसऱ्या फेरीची वाट बघतायत, बाई." तुम्ही इतक्या हसलात की बशीतला चहा सांडला. मी दारात बसून ऐकत होते. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. संडे स्कूलमध्ये आम्हाला स्वच्छ सांगितलेलं होतं की ज्यांनी त्याला मानलं नाही ते, तो परत येईल त्या दिवशी, दाराबाहेर राहतील. आणि माझ्या डोळ्यांपुढे बंद दाराबाहेर तुम्ही उभ्या दिसायच्या, हातात पर्स, काखेत छत्री.

डीएडला धुळ्याला माझा नंबर लागला तेव्हा तुम्ही मला घरी बोलावलंत. ताटात मलिदा होता. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती पाच फळं, वर सब्जाची डहाळी. केळी सावद्याची, कुणा मुलीच्या वडिलांनी घरी आणून दिलेली. म्हणालात, एलियाहू हनाबीला बोलले होते तुझ्यासाठी, पोरगी लागली तर मलिदा करीन. आमच्यातला एलीया संदेष्टा तोच. मशीहा यायच्या आधी तो येऊन वर्दी देणार, असं तुमचं म्हणणं. आमचं म्हणणं, वर्दीही देऊन झाली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची आणि भलती शहाणी. बाई, तो तर येऊन गेला ना, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात तुम्ही डोक्यावर पदर घेऊन तुमच्या प्रार्थनेच्या हिब्रूत म्हणायला लागलात आणि मध्येच माझं नाव आलं. परक्या भाषेत मला माझं नाव ऐकू आलं, बाई. माझ्यासाठी त्याआधी कुणी नवस केलेला नव्हता. आमच्यात करत नाहीत. मी मुकाट्यानं मलिदा खाल्ला, दोनदा मागून घेतला.

तुम्ही गेलात तो मे महिना. भुसावळचा मे, सकाळी नऊला रस्ता चटके देतो. शेवटचे आठ दिवस मी तुमच्या उशाशी होते, धुळ्याच्या माझ्या शाळेला सुटी लागली तशी आले होते. आई दवाखान्यातून येता-जाता इंजेक्शन देऊन जायची. एका दुपारी आपण दोघीच होतो. मी विचारलं, "बाई, तो येऊन गेला असेल असं तुम्हाला कधीच वाटलं नाही का?" तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मग पांघरुणावरचा हात थोडा उचललात आणि परत ठेवलात. पाणी हवं होतं, माशी हाकलायची होती, की मला गप्प बस म्हणायचं होतं, काय असेल ते. मी तो हात धरून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

पुतण्या इस्राएलमध्ये, फोन लागेना. तुमच्या लोकांची दफनभूमी मुंबईला, आणि त्या उन्हात एवढं अंतर न्यायचं कसं? तुमच्यात जाळत नाहीत एवढं आईला पक्कं माहीत होतं. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दफनभूमीत बाप्तिस्मा झालेल्यालाच जागा, असा नियम. पंच वाईट माणसं नव्हती, त्यांनाही तुमच्याबद्दल जीव होता, अर्ध्यांची पोरं तुमच्या हाताखालून गेलेली. पण नियम. सगळे तुमच्या ओट्यावर उभे होते, आत बर्फाच्या लाद्या वितळत होत्या. तेव्हा मी म्हणाले, "बाईंनी शेवटी कबूल केलं. माझ्याजवळ केलं. मीच पाणी शिंपडलं." पाळकसाहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि डोकं हलवलं. आई माझ्याकडे बघत राहिली. पुढेही तिनं तो विषय कधी काढला नाही. तासाभरात खड्डा खणायला घेतला. दोन महिन्यांनी गवंडी विचारायला आला, की दगडावर काय घालायचं. मी वहीचं पान फाडून चांगल्या अक्षरात लिहून दिलं, 'प्रभू येशूमध्ये विसावल्या.' त्यानं ते अक्षर न अक्षर तसंच कोरलं. अजून ओळखू येतं, माझंच वळण आहे.

तर तिला मी तिथं नेलं. दफनभूमी राखणारे आबा अमळनेरकडचे, आम्हाला बघून उठून आले. नातेवाईक आलेत हे कळल्यावर त्यांना बरं वाटलं. "बठ्ठा क्रूसले दर नाताळले मीच रंग देस," म्हणाले, "बाईना क्रूसले बी." तिनं मला विचारलं, काय म्हणतात? सगळ्या क्रूसांना रंग देतो म्हणत होते, मी म्हणाले, ते निगा राखतात. ती दगडापुढे उकिडवी बसली आणि ती ओळ बोटानं एकेक अक्षर लावत वाचत गेली, पहिलीतल्या मुलासारखी. मी तिच्या मागे उभी. मला वाटत होतं, हिला मराठी वाचता येत नसतं तर बरं झालं असतं. वाचून झाल्यावर वळली नाही, तशीच म्हणाली, "आत्याआजी ख्रिस्ती झाली होती?"

एवढा एकच प्रश्न, बाई. सव्वीस वर्षं मी त्याची वाट बघत होते. नाही म्हणायचं होतं, फक्त नाही. आबा शेजारी उभे होते, मंडळीत बभ्रा होईल, पंच विचारतील, मग तुमची जागाच राहील की नाही, असं सगळं एकदम मनात आलं. मी म्हणाले, "शेवटच्या दिवसांत माणूस काय काय म्हणतं, बाळा." तिनं त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. घेणारच, तिनं तसाच घ्यावा म्हणून मी बोलले होते. तिच्या मुठीत एक गोटा होता, तिथून आणलेला, घरामागच्या टेकडीवरचा. तो डोक्याशी ठेवायला तिनं हात पुढे नेला, थांबली आणि पायाशी ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबा दर वर्षी तिच्या नावानं दिवा लावतात. त्यांना काय सांगू? मला खोटं बोलता येत नाही." मी म्हणाले, तुला योग्य वाटेल ते सांग. तिला गाडीत बसवलं, खिडकीतून केळी दिली. गाडी हलली तरी ती माझ्याकडे बघत होती, भुवई वर केलेली.

आई असती तर म्हणाली असती, जागेसाठी बोललीस, देव समजून घेईल. मीही इतकी वर्षं स्वतःला तेच सांगत आले. पण जागेसाठी तोंडी एक वाक्य पुरलं असतं. दगडावरची ओळ कुणी मागितली नव्हती. गवंडी नुसतं नाव कोरूनही गेला असता. ती मी लिहिली कारण मला ते खरं व्हायला हवं होतं. त्या दिवशी दार उघडेल तेव्हा तुम्ही आत हव्या होतात, माझ्याजवळ, एवढाच माझा स्वार्थ. तुम्ही जन्मभर जी वाट बघितलीत ती मी एका ओळीत संपवून टाकली. आता या वयात, शाळेतून घरी आले आणि वर्तमानपत्र उघडलं की मलाही फलाटावरची माणसंच दिसतात, आणि तुमचं म्हणणं खोडून काढायला माझ्याजवळ काही उरलेलं नाही. दर रविवारी मी देवळात जाते, तो आला असं सगळ्यांबरोबर म्हणते. तुमच्या दगडावरची ओळ मात्र तशीच आहे, आणि आता ती तिच्या वडिलांच्या घरी पोचली असेल. दिव्याचं काय होईल मला माहीत नाही.

खरं तर हे सगळं तुम्हाला नाही, तिला लिहायला हवं. नंबर आहे माझ्याकडे. सकाळी बसून फोनवर लिहिलंही होतं, पहिल्यापासून, मलिदा, वाद, ओट्यावरचं माझं बोलणं, सगळं. शेवटी नाव घालायला आले आणि पुसून टाकलं. मग वही काढून तुम्हाला लिहायला घेतलं, कारण तुमच्याकडून उत्तर यायची भीती नाही. आज शनिवार आहे, बाई. मी अजून तुमच्यासाठी लिहितेच आहे, तुम्ही न सांगितलेलं. आणि खाली माझं नाव घातलेलं नाही.