कडुनिंबावरच्या खोक्यातली चार पिल्लं

प्रिय सुधाकर,

प्रिय लिहिलं ते सवयीनं. आज समोर असता तर तुही कॉलर धरली असती. सकाळी तुह्या वावरातल्या कडुनिंबाले शिडी लावली, वर चढलो आन् आपण घुबडासाठी ठोकलेलं खोकं उघडलं. आत चार पिल्लं मरून पडले होते. पिसंही नीट फुटले नव्हते त्यायले. मेलेल्या माणसाले पत्र लिहिणं बह्याडपणा आहे, मले समजते. पण आता भांडू कोणासंग? तू तर गेला.

तुले मी तेव्हाच सांगतलं होतं. पहिलं खोकं लावलं तेव्हा नाचणगावचे लोक म्हणत, घुबड अशुभ, वावरात कायले बसवून राह्यले? मी म्हणलो, सुधाकर, लोकायले सरळ सांग. हे पांढऱ्या तोंडाचं गव्हाणी घुबड उंदीर खाते, आपला चणा वाचवते. उंदराचे हाडं-केस पचत नाई म्हणून गोळे करून ओकून टाकते. ते गोळे खोक्याखाली पडूनच राहतात. घेऊन जा चावडीवर, फोड सगळ्यायसमोर, दाखव एकेक कवटी. तर तू हसला. "वामन्या, ते पाह्यल्यावर कोणी चहा पिणार नाई. लोक उंदराचं ऐकत नाई, लक्ष्मीचं ऐकतात."

आन् सांगत सुटला, हे लक्ष्मीचं वाहन आहे, आपल्या पायानं दारी आलं, हाकलू नका. झालं. जे शिव्या देत होते तेच तुह्या किराणा दुकानात येऊन म्हणायले लागले, आमच्याही वावरात एक लाव ना गा. तू मिशीत हसत होता. मले तेव्हाच खटकलं होतं.

पण मी तरी कोणता शहाणा? पुलगावच्या भंगारातून पेट्यांच्या फळ्या आणल्या, रंधा मारला, पहिलं धरून चार खोके केले. तू म्हणलं म्हणून दर खोक्याच्या भोकाखाली दिव्यासाठी वीतभर फळीही ठोकून देली. "शोभेपुरती रे, कोण चढते तिथं दिवा लावायले?" तू म्हणे. मी मिस्त्री माणूस, चाळीस वर्षं लाकडात गेले, आन् पाखराच्या दारात दिवा ठेवायची जागा केली. त्याचा राग मले माह्यावरच येते.

तुही खोडच ती. समोरच्याले बरं वाटेल तेच बोलायचं. छातीत दुखत होतं तर गॅस आहे म्हणून सोडा पीत बसला. वहिनीले सांगतलं नाई, मले सांगतलं नाई. पोळ्याच्या आधी गेला. ते तरी खरं सांगायचं होतं ना लेका.

मग दिवाळी आली. मी पोरीच्या बाळंतपणासाठी देवळीले गेलतो. तुह्या घरी यंदा सण नाई, वर्ष व्हायचं आहे, लक्ष्मीपूजन करता येत नाई. तर कुसुमवहिनीच्या मनात आलं, घरी नाई तर नाई, ह्यायच्या लक्ष्मीच्या पाखराले तरी ओवाळू. आळीतल्या बाया घेऊन दिवेलागणीले वावरात गेली. शिडी लावून फळीवर दिवा ठेवला. झाडाखाली धूप पेटवला, घंटी वाजवून आरती केली. धूर सरळ भोकात. दोघं मोठे घुबड फडफड करत निघून गेले. बायायले वाटलं, लक्ष्मीनं दर्शन देलं. मग पाडव्यालेही गेल्या, भाऊबीजेलेही गेल्या. मोठे घुबड परत आलेच नसतील. पिल्लायले उंदीर कोण आणून देणार?

हे सगळं काल वहिनीनंच मले हौसेनं सांगतलं. म्हणून आज सकाळी चढलो. आन् शिडी कोणी धरली होती ठाऊक आहे? वहिनीनं. खालून विचारते, "भाऊजी, पिल्लं उडाले का?"

मी वरून म्हणलो, "हाव, उडाले."

तिनं तिथंच हात जोडले. "ह्यायची मेहनत फळाले आली," म्हणे, आन् पदरानं डोळे पुसत हसली. तू गेल्यावर पहिल्यांदा मी तिले हसताना पाह्यलं. मी चारही पिल्लं अवजाराच्या थैलीत घालून खाली उतरलो. ती घरी गेल्यावर वावराच्या बांधाले, धुऱ्यावर, खड्डा करून पुरले.

मले काऊन जमलं नाई खरं बोलायले? तुह्यावर इतकं तोंड टाकतो आन् वेळ आली तर मीही तेच केलं. पण तुहं खोटं एकदा चाललं. माहं चालणार नाई. घरी जाताना वहिनी सांगून राह्यली होती, पाच दिवसांवर त्रिपुरी पौर्णिमा आहे, नाल्याकाठच्या बाभळीवर खोकं आहे ना, तिथं यंदा दिवे लावू, साऱ्या गावाले बोलावू. त्या खोक्यात पिल्लं आहेत सुधाकर. जिवंत आहेत. सांजेले जाऊन आलो, आतून फुस्स फुस्स आवाज येते.

तर ऐक. उद्या सकाळी दिव्याच्या चारही फळ्या उपटतो. मग तुह्या घरी जातो. वहिनीले सांगतो की पिल्लं उडाले नाई, मेले, आन् आरतीच्या धुरानं मायबाप पळाले म्हणून मेले. तुहं नाव घेऊन सांगीन, माहंही घेईन. ती मले घरातून हाकलेल, हाकलू दे. रडेल. तू असता तर काहीतरी गोड सांगून तिले गप्प केलं असतं. मी नाई करणार. तिचं रडणं होईस्तोवर ओसरीवर बसून राहीन, आन् मग तिलेच संग घेऊन नाल्याकाठी जाईन, दुरून आवाज ऐकवायले.

तुहा, अजून रागातच असलेला,
वामन मिस्त्री